नव्वद कोटी शितं

श्रोतेहो, भात झाला की नाही हे पाहण्यासाठी कुणी पातेल्यातलं प्रत्येक शीत चेपून बघत नाही. चमच्यावर दोन शितं घ्यायची, बोटांत दाबायची आणि गॅस बंद करायचा. शितावरून भाताची परीक्षा. ही म्हण स्वयंपाकघरात जन्मली, पण चालते सगळीकडे. एक फोड चाखून आपण कलिंगड घेतो, टोक चोळून कापड घेतो आणि भेटलेल्या दोन माणसांवरून त्यांच्या अख्ख्या गावाविषयी मत बनवतो. त्याशिवाय रोजचा व्यवहार चालणारही नाही.

प्रश्न एवढाच, की किती शितं पाहिली म्हणजे ‘सगळा भात शिजला’ असं शपथेवर सांगता येईल? दोन? दहा? दहा कोटी? संख्यांच्या गणितात, म्हणजे ज्याला संख्या सिद्धांत म्हणतात त्या शाखेत, हा प्रश्न फार गंभीरपणे घेतला जातो. तिथे शेकडो वर्षांपासून काही अटकळी पडून आहेत. त्या समजायला सोप्या, तपासायला सोप्या आणि सिद्ध करायला भयंकर अवघड. गेल्या पाऊणशे वर्षांत माणसाने या अटकळींच्या मागे संगणक लावले. त्यांनी काय शोधलं आणि काय त्यांच्या हाती लागलं नाही, ते आज सांगायचं आहे.

मी गणितज्ञ नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण या अटकळींमधला सगळा तंटा एका शब्दाभोवती आहे आणि शब्द तोलून पाहणं हा माझ्या कामाचा भाग आहे. तो शब्द म्हणजे ‘प्रत्येक’.

आधी घरचं उदाहरण घेऊ. नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. मोठ्या विद्यापीठात खुर्ची नाही, हाताशी यंत्र नाही. होतं ते आकड्यांचं वेड. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ या संख्येची गंमत सापडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. येणाऱ्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. तीनच अंक उरले तर पुढे शून्य धरा. समजा ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ चं तसंच केलं तर पुन्हा ६१७४ च येते. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत तुम्ही याच मुक्कामाला येता.

इथे ‘प्रत्येक’ म्हणजे किती? चार अंकी संख्या एकूण ९,०००. त्यांतल्या ११११, २२२२ अशा नऊ वगळायच्या. एखादा चिकाटीचा विद्यार्थी सुट्टीत उरलेल्या ८,९९१ संख्या तपासून मोकळा होईल. संगणकाला तर डोळ्याची पापणी लवायचाही वेळ लागत नाही. सगळ्या तपासल्या की काम संपलं. ती तपासणी हीच सिद्धता. पातेलं लहान आहे आणि प्रत्येक शीत दाबून झालं आहे.

आता मोठ्या पातेल्याकडे जाऊ. ७ जून १७४२ रोजी मॉस्कोहून ख्रिस्तियान गोल्डबाख यांनी बर्लिनला लिओनार्ड ऑयलर यांना एक पत्र लिहिलं. त्या पत्रव्यवहारातून जी अटकळ पुढे आली ती आज अशी सांगतात: दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांशिवाय कुणी निःशेष भागत नाही. २, ३, ५, ७, ११ अशी ही मंडळी. आता २८ घ्या: ५ आणि २३. १०० घ्या: ३ आणि ९७. शाळेतल्या मुलालाही हा खेळ जमतो.

पोर्तुगालमधल्या आवेरू विद्यापीठातले तोमाश ऑलिव्हेरा ए सिल्व्हा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा खेळ संगणकांवर कित्येक वर्षं खेळला. ४ वर १८ शून्यं ठेवली की जी संख्या होते, तिथपर्यंतची प्रत्येक सम संख्या तपासल्याचं त्यांनी २०१४ मध्ये छापून आलेल्या निबंधात मांडलं. हा पल्ला किती मोठा? सेकंदाला एक सम संख्या या वेगाने आपण बसलो, तर सहा हजार कोटींहून जास्त वर्षं लागतील. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं मानतात. एवढ्या सगळ्या सम संख्यांमध्ये नियम मोडणारी एकही सापडली नाही.

कोर्टात एवढे साक्षीदार एका सुरात बोलले तर निकाल लागायला वेळ लागणार नाही. पण गणिताच्या दरबारात गोल्डबाखची अटकळ ही अजूनही अटकळच आहे. एवढ्या पुराव्यानंतरही तिला कुणी प्रमेय म्हणत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्टीपणा वाटेल. तो हट्टीपणा नाही, हे कळण्यासाठी दुसऱ्या एका अटकळीची गोष्ट ऐकावी लागेल.

लहानपणी आपण चिंचोक्यांनी एकी-बेकी खेळायचो, तसाच एक खेळ हंगेरीचे गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी संख्यांशी मांडला. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव पाडायचे आणि ते किती आहेत हे मोजायचं. १२ म्हणजे २ गुणिले २ गुणिले ३. तीन अवयव, म्हणजे एकी. १० म्हणजे २ गुणिले ५. दोन अवयव, म्हणजे बेकी. १ ला अवयवच नाहीत, म्हणून तो शून्य धरून बेकीत. आता एकपासून मोजत जा आणि दोन्ही बाजूंची माणसं मोजा. दहापर्यंत एकीत पाच, बेकीत पाच. वीसपर्यंत एकीत बारा, बेकीत आठ. १९१९ मध्ये पोल्या यांनी अटकळ मांडली, की दोनपासून पुढे कुठेही थांबा, बेकी कधीच आघाडी घेणार नाही. फार तर बरोबरी होईल.

लोक तपासत गेले. शंभर, हजार, लाख. अटकळ खरी ठरत गेली. मग १९५८ मध्ये इंग्लंडमधले हेजलग्रोव्ह यांनी संगणकाची मदत घेऊन दाखवलं, की हा नियम कुठेतरी मोडलाच पाहिजे. नेमका कुठे ते त्यांच्याकडे नव्हतं. त्यांचा अंदाज ३६२ अंकी संख्येच्या आसपासचा होता. पण १९६० मध्ये लेहमन यांना नियम मोडणारी जागा त्याच्या खूपच अलीकडे सापडली. आणि १९८० मध्ये जपानमधल्या तानाका यांनी अगदी पहिली जागा दाखवली: ९० कोटी ६१ लाख ५० हजार २५७. तिथे पहिल्यांदा बेकी पुढे जाते.

जरा थांबून या आकड्याकडे पाहा. नव्वद कोटींहून जास्त शितं शिजलेली निघाली आणि त्यानंतरचं एक कच्चं निघालं. कुणी माणूस जन्मभर रोज हजार शितं तपासत राहिला असता तरी तो समाधानाने ‘भात झाला’ म्हणून गेला असता. आणि तो चुकीचा ठरला असता.

म्हण खोटी नाही, पण तिला एक अट आहे, ती आपण बोलून दाखवत नाही. पातेल्यातल्या सगळ्या शितांना तेच पाणी आणि तीच आच लागलेली असते, म्हणून एक शीत बाकीच्यांची ग्वाही देऊ शकतं. संख्यांना असा सामाईक जाळ नाही. २८ ने ५ आणि २३ दिले, त्यावरून ३० काय देईल याची हमी मिळत नाही. शिवाय संख्यांना शेवट नाही. आपण कितीही पुढे गेलो तरी मागे टाकलेल्या संख्या मोजक्या आणि पुढे उरलेल्या अनंत. आंब्याच्या पेटीत वरचा थर निवडून लावलेला असतो, हे आपल्याला ठाऊक असतं. संगणकाने गाठलेल्या सगळ्या संख्या म्हणजे पेटीतला वरचा थर आहे. फरक इतकाच, की या पेटीला तळ नाही.

याचं याहूनही चमत्कारिक उदाहरण आहे. एका ठरावीक संख्येपर्यंत मूळ संख्या किती असतील याचा अंदाज देणारं एक सूत्र आहे. त्याची मुळं कार्ल गाउस यांच्या तरुणपणीच्या विचारात आहेत. दहा लाखांपर्यंत खऱ्या मूळ संख्या ७८,४९८ आहेत आणि सूत्र सुमारे १३० जास्त सांगतं. कोष्टकं वाढत गेली तरी हेच दिसत राहिलं: सूत्र नेहमी थोडं जास्तच सांगतं. १९१४ मध्ये केंब्रिजचे लिटलवुड यांनी कागद-पेन्सिल घेऊन सिद्ध केलं, की ‘नेहमी’ हे खरं नाही. सूत्र कधी जास्त सांगेल, कधी कमी, आणि ही अदलाबदल अनंत वेळा होईल. ही अदलाबदल जिथे घडते अशी एक जागा २००० मध्ये बेज आणि हडसन यांनी दाखवली. ती संख्या ३१७ अंकी आहे. तिथपर्यंत एकेक करून मोजत जाणं कोणत्याही संगणकाला शक्य नाही. म्हणजे आजवरची एकूण एक मोजणी एक गोष्ट सांगते आणि सत्य दुसरीच आहे. हे कळलं ते मोजून नव्हे, विचाराने.

मग कुणी विचारेल, की संगणकाचा उपयोग काय? नुसती वीज जाळायची? तसं नाही. यंत्राला ‘प्रत्येक’ म्हणता येत नसेल, पण त्याला ‘हा बघा एक’ असं म्हणता येतं. आणि कधीकधी तेवढंच पुरतं.

१७६९ च्या सुमारास ऑयलर यांनी एक अटकळ मांडली होती. तिचा एक भाग असा: एखाद्या पूर्ण संख्येचा पाचवा घात इतर पाचव्या घातांच्या बेरजेने बनवायचा, तर निदान पाच संख्या लागतील. चारांत भागणार नाही. जवळजवळ दोनशे वर्षं ती टिकली. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांनी सीडीसी ६६०० या त्या काळच्या अतिवेगवान संगणकावर शोध घेतला. २७, ८४, ११० आणि १३३ या चार संख्यांचे पाचवे घात मिळवले की बरोबर १४४ चा पाचवा घात येतो. दोन्हीकडे ६,१९१ कोटी ७३ लाख ६४ हजार २२४. त्यांचा निबंध अवघ्या दोन वाक्यांचा होता. आणखी लिहायचं तरी काय? ज्याला शंका असेल त्याने गुणाकार करून पाहावा. अटकळ संपली.

दुसरी गोष्ट अलीकडची. एखादी संख्या तीन घनांची बेरीज म्हणून लिहायची. ऋण संख्याही चालतील. २९ सोपी: ३ चा घन २७, अधिक १, अधिक १. पण ४२? १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये शंभरपर्यंतच्या संख्यांसाठी यंत्रावर असा शोध सुरू झाला होता. काही संख्यांना असं लिहिता येणारच नाही हे सिद्ध करता येतं. ४२ त्यांतली नव्हती, तरी ती शेवटपर्यंत दाद देत नव्हती. २०१९ मध्ये ब्रिस्टलचे अँड्र्यू बुकर आणि अमेरिकेतल्या एमआयटीचे अँड्र्यू सदरलँड यांनी जगभरच्या घरगुती संगणकांचा रिकामा वेळ गोळा करणाऱ्या चॅरिटी इंजिन या जाळ्याची मदत घेतली. लोक झोपलेले किंवा कामावर गेलेले, आणि त्यांच्या टेबलावरचे लाखो संगणक ४२ चा माग काढताहेत! दहा लाखांहून अधिक तासांच्या गणितानंतर तीन संख्या मिळाल्या. तिन्ही सतरा अंकी, एक ऋण आणि दोन धन. त्यांचे घन इतके प्रचंड, की लिहायला ओळ पुरणार नाही. ते एकमेकांना खाऊन खाऊन शेवटी ४२ उरवतात.

या दोन्ही गोष्टींत एक सोय आहे. शोधायला यंत्र लागलं, पण सापडल्यावर पडताळा कुणीही घेऊ शकतो. गोल्डबाखच्या तपासणीत तशी सोय नाही. ‘आम्ही एवढ्या संख्या पाहिल्या, कुठेही बिघाड नाही’ यावर विश्वास ठेवावा लागतो. आणि यंत्रावर किती विश्वास ठेवायचा, याचाही एक धडा याच शाखेने जगाला दिला आहे.

अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. जुळ्या म्हणजे ११ आणि १३, १७ आणि १९, अशा दोनच्या अंतराने येणाऱ्या. अशा जोड्यांच्या व्यस्तांकांची बेरीज ते संगणकावर करत होते. १९९४ मध्ये त्यांच्या लक्षात आलं, की बेरीज जुळत नाही. त्यांनी आपली आज्ञावली तपासली, दुसरी यंत्रं तपासली आणि एकेक शक्यता बाद करत ते मुळाशी पोहोचले. दोष त्यांच्या गणितात नव्हता. इंटेल कंपनीच्या त्या वेळच्या नव्या पेंटियम चिपमध्येच होता. काही ठरावीक संख्यांचा भागाकार ती किंचित चुकवत होती. बातमी पसरली, आधी टाळाटाळ झाली, आणि अखेर कंपनीला चिप बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली. त्यासाठी तिने ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला. ज्या बेरजेचा बाजारात कवडीचा उपयोग नाही, त्या बेरजेने लाखो घरांतल्या यंत्राचं खोटं पकडलं. साक्षीदाराने कितीही ठामपणे सांगितलं तरी उलटतपासणी सोडायची नसते, ती यासाठी.

पण यंत्र आणि विचार नेहमी एकमेकांविरुद्धच उभे असतात असं नाही. गोल्डबाखच्या अटकळीला एक धाकटी बहीण आहे: पाचपेक्षा मोठी प्रत्येक विषम संख्या तीन मूळ संख्यांची बेरीज असते. १९३७ मध्ये रशियाच्या विनोग्रादोव्ह यांनी सिद्ध केलं, की एका मर्यादेच्या पुढे हे नक्की खरं आहे. पण ती मर्यादा इतकी अफाट, की तिच्या अलीकडच्या संख्या तपासणं कल्पनेतही बसत नव्हतं. पुढचे गणितज्ञ ती मर्यादा खाली आणत राहिले. पेरू देशात जन्मलेल्या हॅरल्ड हेल्फगॉट यांनी २०१३ मध्ये ती १ वर २७ शून्यं इतकी खाली आणली. दुसरीकडे त्यांनी आणि डेव्हिड प्लॅट यांनी संगणकावर ८ वर ३० शून्यं याच्याही पुढपर्यंतच्या विषम संख्यांची खात्री करून घेतली होती. डोंगरातला बोगदा दोन्ही तोंडांकडून खणत आणतात, तसं झालं. वरून विचार उतरत आला, खालून यंत्र चढत आलं आणि दोघांची भेट झाली. हेल्फगॉट यांची ही सिद्धता तज्ज्ञांनी सर्वसाधारणपणे मान्य केली आहे. इथे ‘प्रत्येक’ हा शब्द पूर्ण भरला. अनंताचा भाग माणसाने उचलला आणि मोजता येण्याजोगा भाग यंत्राने.

आणि कधीकधी यंत्र प्रश्नच हातात ठेवतं. १९६० च्या आसपास केंब्रिजमध्ये बर्च आणि स्विनर्टन-डायर हे दोघे एडसॅक-२ या संगणकावर विशिष्ट प्रकारच्या समीकरणांच्या उकली मोजत होते. आकड्यांच्या रांगांमध्ये त्यांना एक लय दिसू लागली. त्या लयीतून जी अटकळ निघाली, तिच्या सिद्धतेला २००० मध्ये क्ले गणित संस्थेने दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. ते बक्षीस अजून कुणाला मिळालेलं नाही. ती लय त्यांनी आधी कल्पून मग तपासली नव्हती. आधी आकडे बोलले, मग माणसांनी ऐकलं.

श्रोतेहो, हे सगळं वाचत असताना मला राहून राहून आपल्या रोजच्या बोलण्यातले ‘सगळे’, ‘कधीच’, ‘नेहमी’ हे शब्द आठवत होते. किती सहज वापरतो आपण ते! मी मुसलमान घरातला आणि मराठीत कविता लिहिणारा. कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी आपुलकीने जवळ येतं आणि म्हणतं, “तुम्ही मुसलमान असून किती छान मराठी बोलता!” त्यात वाईट हेतू नसतो. हातात हात घेऊन बोललेलं असतं. पण ‘असून’ या एका शब्दात एक अख्खी अटकळ दडलेली असते. मी त्या अटकळीसमोर धडधडीत उभा असतो, तरी ती मोडत नाही. मी प्रतिउदाहरण ठरत नाही, अपवाद ठरतो. अपवादाला वेगळी खुर्ची द्यायची, शाल घालायची आणि नियम होता तसा ठेवायचा, ही आपली रीत आहे. ही रीत एकाच बाजूची नाही. आमच्याही ओसरीवर ‘ते लोक सगळे असेच’ या वाक्याला कुणी पुरावा मागत नाही. तिथे तर नव्वद कोटी शितंही लागत नाहीत, दोनच पुरतात.

गणितात ही मुभा नाही. पोल्या यांच्या नियमाच्या बाजूने नव्वद कोटी साक्षी होत्या, तरी कुणी म्हणालं नाही, की ९० कोटी ६१ लाख ५० हजार २५७ हा अपवाद समजा आणि नियम चालू ठेवा. एक संख्या विरोधात उभी राहिली आणि नियम गेला. आपल्या समाजाला इतकं काटेकोर होता येणार नाही, हे मला कळतं. माणसं म्हणजे संख्या नव्हेत. ‘बहुतेक’, ‘साधारणपणे’, ‘माझ्या पाहण्यात’ अशा शब्दांवाचून आपलं चालणार नाही. पण मग ते शब्द वापरावेत. जिथे ‘माझ्या पाहण्यात’ एवढंच खरं असतं, तिथे आपण ‘सगळे’ म्हणतो, तेव्हा आपण तपासलेल्या दोन शितांवर न तपासलेल्या कोट्यवधींचं ओझं टाकत असतो.

शेवटी ऑयलर यांच्याकडे परत जातो. गोल्डबाख यांच्या पत्राला त्यांनी १७४२ च्या जूनअखेर उत्तर लिहिलं. त्यात त्यांनी म्हटलं, की हे विधान पूर्णपणे खरं आहे याविषयी त्यांच्या मनात शंका नाही, पण त्यांना ते सिद्ध करता येत नाही. खात्री आणि सिद्धता या दोन गोष्टी त्यांनी एकाच वाक्यात शेजारी ठेवल्या आणि एकीला दुसरीचा मुखवटा चढवला नाही. त्यांच्या काळातला त्यांच्याहून मोठा गणितज्ञ सांगणं कठीण. ते नुसतं ‘सिद्ध आहे’ म्हणाले असते तरी पुष्कळांनी मान डोलावली असती.

याच ऑयलर यांना पाचव्या घातांची अटकळही पटलेली होती. ती एका यंत्राने २७, ८४, ११०, १३३ हे चार आकडे पुढे करून खाली आणली. गोल्डबाखची अटकळ मात्र ४ वर १८ शून्यं इतकी मजल मारूनही कुणाला पाडता आली नाही, की उभीही करता आली नाही. बहुतेक गणितज्ञांना ती खरी वाटते. तरी पुस्तकात तिच्यापुढे ‘अटकळ’ असंच छापतात आणि सिद्धता मिळेपर्यंत तसंच छापत राहतील.